बरोबरीत सुटलेला चषक

माझे संपूर्ण नाव ‘डोलिना–लिंडाल हिवाळी मैत्री चषक’. वय वर्षे बहात्तर. हे नाव माझ्या बैठकीवरील पितळी पट्टीवर कोरलेले आहे, तरी सास्कॅचवान प्रांताच्या या भागात मला कोणीही त्या नावाने हाक मारीत नाही. सगळे मला ‘डबडं’ म्हणतात. मी ते सहन करतो. पण ज्याला माझ्याविषयी लिहावयाचे असेल त्याने पूर्ण नाव लिहावे, अशी माझी अपेक्षा असते.

अक्षरओळख मला माझ्याच अंगावर झाली. दरवर्षी जिंकणाऱ्या गावाची पट्टी माझ्या बैठकीवर ठोकली जाई आणि ती ठोकणारा माणूस प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत असे. पुढे मी जिंकलेल्या गावाच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या इमारतीत, काचेच्या कपाटात राहू लागलो. समोर सूचनाफलक होता, बाकावर कोणीतरी टाकून दिलेली वृत्तपत्रे असत. शाळेत न जाता मी वाचायला शिकलो. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही.

माझा जन्म एका भांडणातून झाला. रेल्वेचे स्थानक कोणत्या गावात व्हावे यावरून डोलिना आणि लिंडाल ही दोन गावे हातघाईवर आली होती. डोलिनात युक्रेनहून आलेली कुटुंबे, लिंडालमध्ये नॉर्वेहून आलेली. स्थानक लिंडालला मिळाले, लोण्याचा कारखाना डोलिनाला. मग काही वर्षे एकमेकांशी बोलणे नाही. अखेर डोलिनाच्या तेओफिल नावाच्या लोहाराने दुधातून साय वेगळी काढणाऱ्या जुन्या यंत्राचे भांडे घेतले, त्याच्या बुडाला लोखंडी दांडा लावला आणि दांड्याला आटे पाडले. लिंडालच्या लोकांनी रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा तुकडा तासून बैठक केली. कटोरा एका गावाचा, बैठक दुसऱ्याची. पिळून बसवले की मी झालो.

असा मी मूळचाच दोन तुकड्यांचा आहे आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही.

दरवर्षी फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, दोन्ही गावांचा बर्फावरील हॉकीचा सामना होई. जिंकेल त्याने मला वर्षभर ठेवायचे. पण सामना बरोबरीत सुटला, तर एक वेगळीच रीत होती. मला उघडायचे. कटोरा पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाने घरी न्यायचा, बैठक यजमान संघाच्या गोलरक्षकाने. कारण बरोबरीत जर कोणी हरला नसेल, तर तो गोलरक्षक, असे तेओफिल म्हणत असे. मग जुलैच्या पहिल्या रविवारी, दोन गावांच्या मधोमध चौरस्त्यावर जे सभागृह आहे तिथे, दोन्ही गोलरक्षकांच्या कुटुंबांनी आपापला तुकडा आणायचा, मला जोडायचे आणि दोन्ही गावांनी एकत्र जेवायचे. त्या दिवशी माझ्या कटोऱ्यात घट्ट आंबट साय भरत. बटाट्याचे सारण भरून उकडलेल्या पेरोगी त्या सायीत बुडवून खाण्यासाठी लोक रांग लावत. मी मूळचा सायीचाच. त्यामुळे जिंकलेल्या गावाने माझ्यात बिअर ओतली की मला फार अवघडल्यासारखे होई. सायीच्या दिवशी मात्र मी घरी आल्यासारखा असे.

मला उघडण्याचा पाना रिंकच्या स्वयंपाकघरात, खणात, डावांच्या शेजारी ठेवलेला असे. कारण बरोबरी झाली की मला उघडण्याचा मान स्वयंपाकीणबाईचा होता. डोलिनाची पारास्का मेल्निक हे काम कितीतरी वर्षे करीत होती. पिठाचे हात ॲप्रनला पुसत ती म्हणायची, “चला, डबड्याला वेगळं करते. भांडू नका रे, दोघांनाही मिळेल.”

या पारास्काची दोन मुले. थोरली डारिया लग्न करून लिंडालला गेली. तिचा नवरा हाल्वर त्वेत लिंडालचा गोलरक्षक. धाकटा ओरेस्ट डोलिनाचा गोलरक्षक आणि शाळेच्या बसचा चालक. तेव्हा बरोबरीच्या वर्षी माझा एक तुकडा भावाच्या खिडकीत आणि दुसरा बहिणीच्या, असे होई. मी दोन्हीकडे असे. हे माणसांना समजत नाही, पण मला त्यात काहीही अवघड वाटत नसे.

पारास्का वारली, तिचे स्वयंपाकघरातले काम आणि पाना डारियाकडे आला, आणि पुढे ओरेस्टने आईचे रिकामे घर विकले. आमच्याकडे घर विकले की ते पुष्कळदा जागेवर राहत नाही. माणसे येतात, घर पायापासून उचलून लांबलचक ट्रकवर चढवतात आणि दूरच्या शेतावर नेऊन ठेवतात. डारिया आपल्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि तिच्या खिडकीसमोरून तिच्या आईचे घर रस्त्याने निघून गेले. ओरेस्टने तिला काहीच सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही. तोही तिच्याकडे गेला नाही. आपापल्या गावात दोघेही वाट पाहत होते, ती एका गोष्टीची: बरोबरीची. बरोबरी झाली की जुलैत एका टेबलाशी बसावेच लागेल, एकाने कटोरा धरावा लागेल, दुसऱ्याने बैठक. तेथे बोलणे टाळता येत नाही. आपण होऊन पहिले पाऊल टाकण्याची नामुष्की त्या रीतीने टळत होती.

आता माझ्या वैतागाकडे येतो.

रिंकच्या समितीचा चिटणीस वेन कारमोडी. माणूस वाईट नाही. रिंकचे छप्पर गळू लागले तेव्हा स्वतः शिडीवर चढलेला माणूस आहे. पण त्याला टीव्हीवरचे सामने फार आवडतात आणि तिथे जे होते ते येथे व्हावे असे त्याला वाटते. घर गेल्यानंतरच्या दुसऱ्या शरद ऋतूत त्याने ठराव आणला: यापुढे बरोबरी नाही. पूर्वीप्रमाणे पाच मिनिटे जादा खेळ, आणि तरीही गुण सारखेच राहिले तर शूटआउट. एकेका खेळाडूने मधल्या रेषेपासून एकट्याने हॉकीची रबरी चकती घेऊन यायचे, समोर एकटा गोलरक्षक. ज्याचे गोल अधिक, त्याचा विजय.

ही सभा ठेवली केव्हा? ऐन कापणीत. दोन्ही गावांतले शेतकरी शेतात, त्यांच्या बायका त्यांना जेवण पोचविण्यात. सभेला आले ते बँकेतले, पोस्टातले आणि वेनचे दोन मित्र. ठराव एकमताने संमत झाला. सूचना माझ्या कपाटासमोरच्या फलकावर लागली. ती नीट वाचणारा मी एकटा. लोक तिच्याखालची ट्रॅक्टरच्या विक्रीची जाहिरात वाचत आणि निघून जात. ज्यांनी सूचना ओझरती पाहिली त्यांना वाटले, हा नियम इतर सामन्यांसाठी असेल. डबड्याच्या सामन्याला कोण हात लावील?

एवढ्यावर वेन थांबला नाही. कपाटात मी जरा डुलत असे. वेनने मला वेल्डिंगच्या दुकानात नेले आणि दांडा बैठकीत ज्या लोखंडी कड्यात पिळून बसे, त्या कड्यालाच तो कायमचा झाळून टाकला. “आता वेगळं करायची वेळच येणार नाही,” तो दुकानदाराला म्हणाला. इतक्या वर्षांत मला कोणी काही न विचारता असे केले नव्हते.

फेब्रुवारीचा सामना लिंडालच्या रिंकमध्ये झाला. मी वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलावर होतो. खेळ फार चांगला झाला. डोलिनाचे पाय जड, पण डोके शांत. लिंडालची पोरे वेगात. ओरेस्टचे गुडघे तेव्हा कुरकुरू लागले होते, तरी त्याने ज्या चकत्या अडविल्या त्या पाहून लिंडालची एक म्हातारी ओरडली, “अरे ओरेस्ट, जरा आमच्याही पोरांना काहीतरी मिळू दे की! उपाशीच पाठवतोस काय घरी?”

ओरेस्टने जाळीवरची पाण्याची बाटली उचलली. “तुमच्या पोरांना तुम्हीच इतकं जेवू घातलंय, आजी, की त्यांना वाकताच येत नाही!”

साठ मिनिटे संपली तेव्हा तीन-तीन. जादा पाच मिनिटांतही तेच. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दोन्ही बाजूंचे खेळाडू काठ्यांवर रेलले होते, दमलेले आणि हसणारे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. डारिया पाना हातात घेऊन बाहेर येत होती. केस टोपीखाली घट्ट बांधलेले, ॲप्रनला कांद्याचा वास. चेहरा कोरा ठेवण्याचा ती आटोकाट प्रयत्न करीत होती आणि तिला ते जमत नव्हते. बर्फावर ओरेस्टने मुखवटा वर केला आणि तिच्या हातातल्या पान्याकडे पाहिले. दोन वर्षांत त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिले नव्हते.

“डारिया, तो पाना ठेव,” वेन म्हणाला. “यंदा शूटआउट आहे.”

“कसलं शूटआउट?”

“ठराव झालाय. फलकावर लावलं होतं.”

“अरे, पण बरोबरी झाली ना! संपलं की!”

“लोक लांबून येतात, डारिया. त्यांना निकाल हवा असतो. बरोबरी म्हणजे बहिणीचा मुका घेतल्यासारखं. त्यात काय मजा?”

डारियाने त्याच्याकडे पाहिले. “तुला बहीण नाही, वेन.”

ती तशीच कठड्याशी उभी राहिली, पाना ॲप्रनच्या खिशात.

मी प्रामाणिक आहे. म्हणून सांगतो की शूटआउट सुरू झाले तेव्हा एकही माणूस बसलेला नव्हता. मुले कठड्यावर चढली होती. थरार असतो, हे मी नाकारीत नाही. पण तो थरार कशाचा? साठ मिनिटे पाच-पाच माणसांनी एकमेकांना चकती दिली, एकमेकांच्या चुका झाकल्या, मार खाल्ला. ते सगळे बाजूला ठेवून एका माणसाला एका माणसासमोर उभे करायचे आणि म्हणायचे, आता ठरवा. साऱ्या गावाने मिळून पीक कापायचे आणि धान्य कोणाचे हे दोघांनी पंजा लढवून ठरवायचे, त्यातलाच हा प्रकार. तो खेळ असेल. पण जो खेळ इतका वेळ चालला होता, तो हा नव्हे. रात्रभर खेळा असेही मी म्हणत नाही. घरी गाई दुधाच्या खोळंबल्या असतात, वाटेत वाऱ्याने रस्ता पांढरा होतो. माझे म्हणणे इतकेच, की दोन्ही संघ सारखेच चांगले खेळले हासुद्धा निकाल आहे. तो माणसांना निकाल का वाटत नाही, हे मला वाचूनही समजलेले नाही.

दोन्ही बाजूंचे खेळाडू एकामागून एक आले. ओरेस्टने अडविले, हाल्वरने अडविले. मेहुणे-मेहुणे दोन टोकांना जाळ्या धरून उभे. मग लिंडालतर्फे निल्स निघाला. निल्स म्हणजे डारियाचा मुलगा, बावीस वर्षांचा. चकती काठीने डावीकडे, उजवीकडे खेळवत तो मामासमोर आला. लहानपणी याच ओरेस्टने त्याला तळ्यावर स्केट बांधून उभे केले होते. ओरेस्टने डावा पाय टाकला. निल्सने चकती दुसऱ्या बाजूने वर उचलली. जाळी हलली.

रिंक दणाणले. त्यानंतर डोलिनाच्या शेवटच्या खेळाडूची चकती जाळीच्या खांबावर आपटली आणि सगळे संपले.

रीतीप्रमाणे दोन्ही संघ हस्तांदोलनासाठी रांगेत आले. निल्सची पाळी आली तेव्हा तो चेहरा पाडून म्हणाला, “वुयको, मला वाटलं तुम्ही अडवाल...” आमच्याकडे डोलिनाची माणसे मामाला वुयको म्हणतात.

“चांगला मारलास,” ओरेस्ट म्हणाला. “मीच शिकवलं होतं ना तुला.”

त्याने हात मिळविला, सर्वांशी मिळविला, आणि कठड्याकडे न पाहता कपडे बदलायच्या खोलीत गेला. डारिया तिथेच उभी होती. त्याने एक शब्द बोलावा म्हणून ती वाट पाहत होती, आणि तिने बोलावे म्हणून तो. पण हरलेल्या माणसाने जिंकलेल्या घरच्या बहिणीशी पहिल्यांदा काय बोलायचे? बरोबरीत ते साधले असते. हार-जितीत साधले नाही. त्या संध्याकाळी लिंडालच्या पोरांनी माझ्यात बिअर ओतली आणि मी गप्प बसलो. मला बोलता आले असते तरी त्या गोंधळात कोणी ऐकले नसते.

मग मी लिंडालच्या कपाटात गेलो. अखंड, चकचकीत, न डुलणारा आणि निरुपयोगी. एप्रिलमध्ये रिंकचा बर्फ वितळवला. मेमध्ये पेरण्या झाल्या. जून संपत आला, आणि चौरस्त्यावरच्या सभागृहासाठी कोणी टेबले मागितली नाहीत. निकाल लागलेला होता, जेवण कशासाठी?

एका दुपारी डारिया किल्ली घेऊन आली. बरोबर हाल्वर होता, कारण त्याला बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचे तेल बदलायचे होते. तिने मला बाहेर काढले, टेबलावर ठेवले आणि पाना लावला. जोर केला. पुन्हा केला.

“नाही निघायचं ते,” हाल्वर म्हणाला. “झाळलंय.”

“कोणी?”

“वेनने. डुलत होतं म्हणून.”

डारियाने पाना खिशात टाकला. मग म्हणाली, “करवत आण. लोखंडाची.”

“अगं, ती गावाच्या मालकीची वस्तू आहे!”

“अर्धीच.”

“वेन बोंबलेल.”

“बोंबलू दे. त्याला सांग, हरकत असेल तर पुन्हा कापणीतच सभा ठेव, मी काही यायची नाही.”

हाल्वरने करवत आणली. त्याने धरायला हात पुढे केला, तर तिने त्याला धरू दिले नाही. तिने स्वतः कापले. मला वेदना झाल्या का, असे कोणी विचारले तर मी सांगीन की दात कराकरा वाजावेत तसे झाले आणि ते पुष्कळ वेळ चालले. रेषा वाकडी गेली. मी तक्रार केली नाही. त्या झाळलेल्या जोडापेक्षा हे वाकडे कापणे मला अधिक योग्य वाटले.

तिने कटोरा गाडीच्या पुढच्या आसनावर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि आम्ही डोलिनाला गेलो. बैठक लिंडालमध्ये राहिली. तेव्हा मी तिकडेही होतो आणि इकडेही, पूर्वीसारखा.

ओरेस्ट पायरीवर बसून बटाट्याचे मोड काढीत होता. गाडी ओळखून उठला. तिने कटोरा त्याच्या हातात दिला. त्याने दांड्याच्या टोकावर अंगठा फिरविला.

“कोणी कापलं हे असं वाकडं?”

“मी.”

“दिसतंयच.”

ती हसली नाही. “माझ्या खिडकीवरून आईचं स्वयंपाकघर गेलं, ओरेस्ट. ट्रकवर. पडदे तसेच होते.”

“पडदे काढायला हवे होते मी.”

“पडद्यांचं नाही रे!”

“माहीत आहे.” तो पायरीकडे पाहत राहिला. “तुला वाईट वाटेल म्हणून आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. मग ट्रकच आला.”

“मला वाईट वाटलंच की.”

“हो.”

“पण मला निरोप तरी घेता आला असता. भिंतीला हात लावता आला असता.”

ओरेस्ट आत गेला आणि दाराची एक लाकडी मूठ घेऊन आला, वापरून गुळगुळीत झालेली. “मागच्या दाराची,” तो म्हणाला. “ती त्यांना दिली नाही. तुला द्यायची होती.”

डारियाने ती घेतली आणि पायरीवर बसली. मग ती म्हणाली, “बटाटे घेऊन ये रविवारी. आणि साय तू आण. माझ्याकडची पातळ आहे.”

“कुठल्या रविवारी?”

“जुलैच्या पहिल्या. दुसरा कुठला?”

वेनने पुष्कळ आरडाओरडा केला. जेवायला मात्र तो आला आणि त्याने पेरोगी दोनदा वाढून घेतल्या. बरोबरी परत आणण्यासाठी नियम बदलण्याचा प्रस्ताव पुढच्या सभेत फेटाळला गेला, तोही थोडक्या मतांनी, आणि त्या वेळीही कापणी चालू होती. तेव्हा वाचकहो, माझी विनंती एवढीच: तुमच्या गावात असा ठराव येईल तेव्हा सभेला जा. आणि दोन माणसे सारखी ठरली तर त्यांना सारखे राहू द्या.

त्यानंतर बदलले ते असे. बरोबरीतील सामना आजही शूटआउटनेच संपतो. मात्र जिंकणारे गाव आता माझी फक्त बैठक ठेवते आणि कटोरा हरणाऱ्या गोलरक्षकाच्या घरी जातो. जुलैच्या पहिल्या रविवारी जेवण दरवर्षी होते. मला नवे आटे कोणी पाडले नाहीत, म्हणून जेवण संपेपर्यंत मला कोणीतरी हाताने धरून उभे करावे लागते. ओरेस्ट आता खेळत नाही. डारिया आणि तो एकमेकांशी बोलतात.